नावावरचा खर्च

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. गोंदियातून मुंबई गाठायला रेल्वेत एक अख्खी रात्र जाते, तरी तिथल्या घरोघरी हे नाव पोचले होते; टीव्हीवरच्या जाहिरातीने ते काम केव्हाच करून ठेवले होते. बंद होतानाही ही ओळख शाबूत होती. करमणूक उद्यानांचा गेल्या पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना हेच आधी लक्षात ठेवावे लागते, कारण नवे उद्यान काढायचे म्हटले की बैठकीतला पहिला विषय नाव, बोधचिन्ह आणि कमान हाच असतो. माझे म्हणणे असे की गोंदियासारख्या लहान ठिकाणी नाव विकत घेण्याची घाई महागात पडते. पैसा आधी लागतो तो दरवर्षीच्या देखभालीला, आणि गुंतवणुकीच्या निर्णयात नेमका तोच आकडा शेवटी येतो किंवा येतच नाही.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा हिशेब बोलका आहे. मनमोहन शेट्टींच्या अॅडलॅब्सने २०१३ मध्ये परदेशी उद्यानांच्या तोडीचे, कथांवर रचलेले उद्यान उभारले. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा भागाची किंमत खाली आणावी लागली आणि अखेर तो १८० रुपयांना दिला गेला. पुढे काही वर्षांतच तो दहा रुपयांच्याही खाली घसरला. कर्जाचा डोंगर फिटेना. २०२२ मध्ये कंपनीचा ताबा घेतला तो संगमनेरच्या मालपाणी समूहाने. तंबाखूच्या धंद्यातून वर आलेला हा समूह शिर्डी आणि लोणावळ्याला ‘वेट अँड जॉय’ हे वॉटर पार्क चालवत होता. साईदर्शनाला आलेले कुटुंब उन्हाच्या काहिलीत पाण्यात उतरणारच, हा त्यातला साधा व्यापारी हिशेब. नाव मोठे होते ते पडले आणि तालुक्याच्या गावच्या समूहाने त्याला उचलले.

यावर कुणी म्हणेल, इमॅजिका करांनी आणि करोनाने बुडवले, त्यात नावाचा काय दोष? कराचा भार खरा होता. २०१५ च्या जूनपासून प्रवेशावर सेवाकर आला, २०१७ मध्ये जीएसटी थेट २८ टक्के लागला आणि २०१८ च्या जानेवारीत तो १८ वर आला. पण हा कर शिर्डीच्या तिकिटावरही होता आणि करोनाने दोघांचीही दारे बंद केली. फरक होता अंगावरच्या कर्जाचा. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: नाव इतके निरुपयोगी असते तर मालपाणींनी ते पुसून टाकले असते, उलट २०२४ मध्ये त्यांनी आपली शिर्डी-लोणावळ्याची उद्यानेच इमॅजिकाच्या कंपनीत आणली. म्हणजे नावाला किंमत आहेच. पण ते नाव घडवण्याचा खर्च बँकांनी आणि आधीच्या भागधारकांनी सोसलेला होता. गोंदियात नवे उद्यान काढणाऱ्या गुंतवणूकदारासाठी तो कोण सोसणार?

गोंदियात तर नावे फुकटच मिळालेली आहेत. नवेगावबांध हे नाव मराठी वाचकाला जाहिरातीशिवाय ठाऊक झाले, ते मारुती चितमपल्लींच्या लेखणीमुळे. १९७५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. म्हणजे सरकारी शिक्काही दोनदा बसला. सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल पावसाळ्यात आपोआप गर्दी खेचतो. असे असून नवेगावबांधच्या पर्यटन संकुलाच्या दुरवस्थेच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत येतच राहिल्या. जंगल वन विभागाचे, पाणी पाटबंधारेचे, पर्यटकांच्या सोयी आणखी कुणाच्या. बोटीची तुटलेली फळी नेमकी कुणाच्या खर्चात धरायची? या भागाला हे दुखणे नवे नाही. कोहळी समाजाने बांधलेले तलाव १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेल्यावर ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले, मालकी सरकारकडे आली आणि गाळ काढण्याची जबाबदारी मधल्यामध्ये हरवली.

मंडईकडे, म्हणजे इथल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेकडे, पाहिले तर उलटा हिशेब दिसतो. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतात. पाळणेवाला आपला लोखंडी सांगाडा ट्रकवर चढवून या गावाहून त्या गावी जातो. धान निघालेले असते, हातात पैसा असतो, नेमका तेव्हाच तो दारात हजर. त्याला ना जमीन विकत घ्यावी लागते ना बारमाही पगारपत्रक सांभाळावे लागते. पाळण्यावर नाव असलेच तर कुणी वाचत नाही. कायमच्या उद्यानाला या धंद्याची नक्कल करता येणार नाही, सुरक्षेच्या बाबतीत तर करूही नये. पण त्याचा हंगाम ओळखण्याचा गुण घेता येईल: इथल्या वॉटर पार्कची कमाई होळी ते मृगाच्या मधली, त्यानंतर रोवणी लागली की गिऱ्हाईक बांधीत. बारा महिन्यांच्या कर्जाचा हप्ता तीन-साडेतीन महिन्यांच्या गल्ल्यातून भरायचा आहे, हे प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर हवे.

मग मोठ्या कंपनीलाच चालवायला द्या, असा सल्ला हमखास येतो. नागपुरात अंबाझरीजवळच्या क्रेझी कॅसलमागे हल्दीरामसारखे घरोघरी ठाऊक असलेले नाव होते. जागा मात्र भाडेपट्ट्याची होती आणि ते उद्यानही टिकले नाही. त्यामुळे नवेगावबांधला उद्या कुणी नामवंत चालक आलाच, तर करारात त्याच्या फलकाच्या आकारावर वेळ घालवू नये. तिकिटाच्या दर रुपयातले किती पैसे देखभालीच्या वेगळ्या खात्यात जमा होणार, आणि ते खाते चालक बदलला तरी कुणाच्या सहीने चालणार, हे कलम आधी लिहून घ्यावे.