सूक्ष्मनियंत्रक कोठें घ्यावा व कसा पारखावा

खडकीचें नांव शेतकरीवर्गास मुख्यतः तेलाच्या इंजिनांमुळें परिचित आहे. 1946 सालीं स्थापन झालेली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी तेथलीच. इंजिन व विजेचा पंप यांनीं मोटेचे कष्ट संपविले. परंतु पाणी केव्हां सोडावें व केव्हां थांबवावें, हें पाहण्यासाठीं रात्रीं-अपरात्रीं बांधावर जावेंच लागतें. ही राखण कांहीं अंशीं पत्करणारें स्वस्त साधन म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, अर्थात् मायक्रोकंट्रोलर होय. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उसाच्या पिकांत मातींतील संवेदक बसवून प्रयोग केले आहेत. लहान प्रमाणावर असा प्रयोग घरींही करतां येतो.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे गणित करणारा भाग, स्मृति व बाहेरच्या तारा जोडण्याच्या जागा एकाच चकतींत सामावलेलें यंत्र. “ओल अमुक अंकाखालीं गेली तर पंप चालू कर” अशी आज्ञा संगणकावर लिहून यूएसबी केबलनें त्यांत एकदां उतरविली, कीं तें तीच अखंड पाळतें.

बाजारांत तीन फलक विशेष आढळतात. इटलींत 2005 सालीं उगम पावलेल्या आर्डुइनोचा उनो हा फलक 5 व्होल्टवर चालतो व शिकावयास सर्वांत सोपा आहे. मात्र त्याच्या प्रचलित आर-3 प्रकारांत वायफाय नाहीं. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-32 मध्यें वायफाय व ब्लूटूथ दोन्ही आहेत. पण तो 3.3 व्होल्टचा असल्यानें त्याच्या खुंट्यांस 5 व्होल्ट दिल्यास तो बिघडूं शकतो. 2021 सालचा रास्पबेरी पाय पिको स्वस्त आहे, परंतु बिनतारी सोय हवी असल्यास त्याचा ‘डब्ल्यू’ प्रकार मागावा. शिकण्यास उनो व शेतासाठीं ईएसपी-32, असा आमचा सल्ला आहे.

नवशिक्यानें सुटे भाग न घेतां प्रारंभिक संच घ्यावा. त्यांत फलक, केबल, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, दिवे, रोधक व कांहीं संवेदक असतात. संचांतील दोन दातांचा ओलमापक मात्र शेतास निरुपयोगी समजावा. वीज थेट मातींतून जात असल्यानें त्याचे दात लवकरच गंजतात. कपॅसिटिव्ह प्रकारचा वेगळा घ्यावा व त्याचा वरचा भाग पाण्यापासून नीट झांकावा.

खडकीहून खरेदीस जावयाचें तर बुधवार पेठेंतील तापकीर गल्ली ही जुनी व प्रसिद्ध पेठ. मेट्रोनें गाडी न बदलतां मंडईस जातां येतें व तेथून पायीं गल्ली गांठतां येते. घरपोंच हवें असल्यास पुण्याचीच रोबू ही कंपनी आहे. एलिमेंट14, माउजर व डिजीकी यांच्याकडे अस्सल चकत्या मिळतात, परंतु एक-दोन नगांस वाहतूकखर्च जड जातो. आर्डुइनोची रचना सर्वांस खुली असल्यानें नक्कल फलक घेण्यांत गैर नाहीं. ‘अस्सल’ म्हणून नक्कल माथीं मारूं देऊं नये इतकेंच. नकलेंत बहुधा सीएच-340 ही चकती असते व तिच्यासाठीं संगणकावर वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो. पावती घ्यावी. मोबाईलद्वारां संदेश हवा असल्यास 2जी चा घटक घेऊं नये; जिओचें सिम त्यांत चालत नाहीं.

एक धोक्याची सूचना. संचांतील लहान रिलेवर मोटरीचा प्रवाह कदापि घेऊं नये. त्या रिलेनें स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची कॉइल तेवढी चालवावी, मूळ ओव्हरलोड संरक्षण कायम ठेवावें व ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवावी. येथील चूक जिवावर बेततें.

शेवटीं, आरंभीं पंप यंत्राच्या हवालीं करूं नये. उनो संवेदकाचा आंकडा 0 ते 1023 मध्यें देतो. तो कोरड्या व भिजलेल्या मातींत किती येतो हें आपल्याच शेतांत तपासावें. काळी जमीन वाळतांना भेगाळते व संवेदक मातीपासून सुटतो, हें ध्यानांत असावें. एक हंगाम आंकडे वहींत टिपावेत, हातानें माती दाबून पडताळावेत, आणि मेळ बसल्यावरच पाण्याचा अधिकार यंत्रास द्यावा.