ज्ञानेश्वरचा ‘डॅन’ होतो तेव्हा...

नोकरी वा शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो : आपल्या नावाचे काय करायचे? ‘ज्ञ’ आपण इंग्रजीत ‘डी-एन-वाय-ए’ असा लिहितो. तिकडच्या माणसाची जीभ तिथेच अडखळते. ‘ळ’, ‘ण’, ‘भ’, ‘ध’ हे उच्चार तर इंग्रजीत नाहीतच. मग ज्ञानेश्वरचा ‘डॅन’ होतो आणि संदीपचा ‘सॅम’.

ही तडजोड नवी नाही. झांजिबारमध्ये १९४६ साली जन्मलेल्या फारुख बलसारा या पारशी मुलाचा ‘फ्रेडी’ झाला, तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. इंग्लंडमध्ये वाढलेल्या कृष्णा भानजी या अभिनेत्याने काम मिळावे म्हणून ‘बेन किंग्जले’ हे नाव घेतले आणि ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातील महात्माजींच्या भूमिकेचे ऑस्कर त्याच इंग्रजी नावाने स्वीकारले. २००० नंतरच्या दशकात तर पुण्या-मुंबईतील कॉल सेंटरांत अनेक तरुण, देश न सोडताच, रात्रपाळीपुरते इंग्रजी नाव धारण करीत.

यामागे केवळ न्यूनगंड आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. टोरांटो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी कॅनडातील कंपन्यांकडे हजारो काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण व अनुभव सारखाच असूनही इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावांच्या अर्जांपेक्षा सुमारे ३५ ते ४० टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ उघड आहे. नावाची किंमत खरोखरच मोजावी लागते. मात्र दोष नावाचा नसून ते वाचणाऱ्या नजरेचा असतो.

नाव घ्यायचेच असेल, तर बोलण्यातले नाव आणि कागदोपत्री नाव यांतील फरक ध्यानात ठेवावा. सहकाऱ्यांनी ‘सॅम’ म्हणावे, यास हरकत नाही. परंतु पासपोर्ट, व्हिसा, पदवी आणि बँक खाते यांवरील नाव एकच असले पाहिजे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. ते पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून आले, तर परदेशी कचेरी तेही तुमचेच नाव समजते. त्यात तिसऱ्या, इंग्रजी नावाची भर पडली की घोळ वाढतो. कायमचा बदल हवा असल्यास भारतात प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातील जाहिरात आणि राजपत्रातील प्रसिद्धी हा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये ‘डीड पोल’ची पद्धत आहे, तर अमेरिकेत नागरिकत्व घेतानाही नावबदलाची मागणी करता येते.

मधला मार्गही आहे. ज्ञानेश्वरने ‘ज्ञानेश’ वा ‘ज्ञान’ असे आपल्याच नावाचे लघुरूप सांगावे आणि ‘ग्यान’सारखे सोपे स्पेलिंग शेजारी लिहून द्यावे. दोन-तीनदा शांतपणे उच्चार करून दाखविला, तर बहुतेकांना तो जमतो. श्वार्झनेगर हे अवघड आडनाव अमेरिकेने पाठ केले आणि २००३ साली त्या माणसाला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नरही केले!

सोयीसाठी टोपणनाव घेणे ही लाज नव्हे, तसेच न घेणे हा हटवादही नव्हे. मात्र तो निर्णय नाव धारण करणाऱ्याचा असावा. उच्चाराचे कष्ट टाळू पाहणाऱ्या साहेबाचा नसावा.