क्रिप्टो टोकन कसं तयार होतं आणि त्याची सूत्रं कोणाच्या हातात असतात?

मध्यंतरी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्राने लिंक टाकली: "नवीन कॉइन आलाय, आत्ताच घ्या, नंतर महाग होईल." त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मी त्याच रात्री स्वतःचं एक टोकन बनवलं आणि त्याला पाठवलं. नाव वडापाव कॉइन, एकूण संख्या १० लाख. वेळ लागला अर्धा तास. खर्च शून्य, कारण ते इथेरियमच्या सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर होतं. किंमतही अर्थातच शून्य!

खऱ्या नेटवर्कवर टोकन बनवायची पद्धतही हीच आहे, फक्त तिथे फी खरी लागते. म्हणूनच ती समजून घेऊया.

फंजिबल म्हणजे काय?

तुमची शंभराची नोट मी घेतली आणि माझी तुम्हाला दिली, तर कुणाचंच काही बिघडत नाही. अशा एकासारख्या एक असणाऱ्या गोष्टी म्हणजे फंजिबल. रेल्वेचं आरक्षित तिकीट तसं नसतं, त्यावर नाव आणि सीट नंबर ठरलेला असतो.

इथर हे इथेरियमचं स्वतःचं चलन. टोकन मात्र त्याच ब्लॉकचेनवर कुणीतरी टाकलेल्या प्रोग्रामने सांभाळलेलं असतं. या प्रोग्रामला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

टोकन म्हणजे एक वही

किराणा दुकानदाराची उधारीची वही आठवा. कॉन्ट्रॅक्टमध्ये तशीच एक यादी असते: कुठल्या पत्त्यावर किती टोकन. मी तुम्हाला ५० टोकन पाठवले की माझ्या नावावरचे ५० कमी होतात, तुमच्या नावावर ५० वाढतात. बस्स. टोकन तुमच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये नसतातच. अ‍ॅप फक्त तुमची गुप्त की सांभाळतं आणि वहीतला आकडा दाखवतं.

या वहीत अपूर्णांक लिहीत नाहीत. यूएसडीसी या टोकनला ६ दशांश स्थळं आहेत, म्हणून १ यूएसडीसीची नोंद १०,००,००० अशी होते.

प्रत्येकाने वही वेगळ्या पद्धतीने लिहिली तर वॉलेट अ‍ॅपची पंचाईत होईल. म्हणून २०१५ मध्ये ईआरसी-२० हा नियमांचा संच मांडला गेला. एकूण टोकन किती, कुणाकडे किती, पाठवा, दुसऱ्याला खर्चाची परवानगी द्या, अशी मोजकी फंक्शन्स त्यात ठरवून दिली आहेत. ओपनझेपेलिनसारख्या लायब्ररीत हा कोड तयार मिळतो. नाव, चिन्ह आणि संख्या भरायची, इथरमध्ये गॅस फी द्यायची आणि कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर चढवायचं. त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. हा पत्ता हीच टोकनची खरी ओळख, कारण एकाच नावाची हवी तितकी टोकन बनू शकतात.

खरी मेख इथे आहे

ईआरसी-२० फक्त फंक्शन्स कोणती हवीत ते सांगतं. त्यांच्या आत काय लिहायचं आणि वर आणखी काय जोडायचं, हे बनवणारा ठरवतो. नवीन टोकन छापणं (मिंट), नष्ट करणं (बर्न), सगळे व्यवहार थांबवणं, एखादा पत्ता गोठवणं, असे अधिकार तो स्वतःकडे ठेवू शकतो. हे अधिकार असले म्हणजे फसवणूकच असं नाही. यूएसडीसी आणि यूएसडीटीच्या कंपन्याही पत्ते गोठवू शकतात. पण ते कुणाकडे आहेत, हे माहीत हवं.

२०२१ मध्ये 'स्क्विड गेम' मालिकेच्या नावाने एक टोकन आलं. मालिकेशी त्याचा संबंध नव्हता. ते इथेरियमवर नाही, बायनान्स स्मार्ट चेनवर होतं, पण तिथले नियमही ईआरसी-२० सारखेच. भाव २,८०० डॉलरच्या वर गेला, मात्र बहुतेकांना टोकन विकताच येत नव्हतं. १ नोव्हेंबरला भाव काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला.

घेण्याआधी एवढं बघा

१. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि इथरस्कॅनवर टाका.
२. कोड सर्वांसाठी खुला आहे का? नसेल तर तिथेच थांबा.
३. धारकांची यादी उघडा. बहुतेक टोकन दोन-तीन पत्त्यांवरच असतील तर सावध व्हा.
४. वॉलेटमध्ये 'अप्रूव्ह' दाबण्याआधी रक्कम वाचा. ही तुमचे टोकन दुसऱ्याला काढू देण्याची परवानगी आहे. ती अमर्याद असेल तर तो कधीही सगळे काढू शकतो. जुन्या परवानग्या रद्द करता येतात, पण त्यालाही गॅस लागतो.

मित्राने लिंक देणाऱ्याला एवढंच विचारलं, "कॉन्ट्रॅक्टचा पत्ता काय?" अजून उत्तर आलेलं नाही. त्याचे पैसे मात्र त्याच्या खात्यातच आहेत.