ज्वर व अतिसार : घरातील शुश्रूषा

पावसाळ्याच्या आरंभी दूषित पाण्यामुळे गावोगावी वांती, जुलाब व ज्वर यांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी पोटात काही टिकत नाही म्हणून रोग्याचे पाणीच तोडण्याची चाल काही घरांत आढळते. ही समजूत घातक होय. या विकारात प्राणास मुख्य धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून जाण्याचा.

लहान आतड्यात साखर व मीठ परस्परांच्या साहाय्याने शोषली जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते. जुलाब चालू असतानाही ही क्रिया बहुधा चालूच राहते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या खाली आले.

हीच जलसंजीवनी आज आरोग्य केंद्रात पुडीच्या रूपाने मिळते. मोठी पुडी १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे माप वाढू देऊ नये. हे पाणी २४ तासांत संपवावे. उरल्यास टाकून द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्यांस पेज, मऊ भात द्यावा. मुलांस जस्ताच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने १४ दिवस द्याव्यात.

ज्वर असता रोग्यास जाड पांघरुणात गुंडाळू नये. पॅरासिटामॉल वयाच्या व वजनाच्या मानाने द्यावे. मुलांस ॲस्पिरिन देऊ नये.

डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, गुंगी, झटके, शौचातून रक्त पडणे, प्यालेले काहीच न टिकणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाणी पाजणे थांबवू नये. मात्र झटके येत असल्यास किंवा शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये.

शिक्षकांनी हे पाणी वर्गात मापासह करून दाखवावे व मुलांकडून करवून घ्यावे. मुलांच्या हाताला आलेले माप घरोघरी पोहोचेल.