इयन ड्यूरी : पडल्यावर उठणारा गायक

'न्यू वेव्ह' हा शब्द उच्चारला की आमच्या महाविद्यालयात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. प्राध्यापक मंडळींना गोदार आणि त्रुफो यांचे फ्रेंच चित्रपट आठवतात. मित्रमंडळींना काहीच आठवत नाही. मी ज्या लाटेविषयी लिहिणार आहे ती चित्रपटांची नव्हे, गाण्याची. आणि तीही फ्रान्समधली नव्हे, तर लंडन शहर आणि त्याच्या पूर्वेला पसरलेल्या एसेक्स परगण्यातली.

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात 'पंक' नावाचे एक उद्दाम, आरडाओरडा करणारे संगीत उसळून आले. बेकार तरुणांचा संताप त्यात होता. गाता आलेच पाहिजे, वाजवता आलेच पाहिजे अशी अट त्यात नव्हती. त्याच्या पाठोपाठ, त्याचीच धग घेऊन पण शब्दांना, विनोदाला आणि इतर संगीताला दार उघडे ठेवून जी मंडळी आली, त्यांच्या गाण्यांना 'न्यू वेव्ह' हे नाव पडले. एल्व्हिस कॉस्टेलो, निक लो, जो जॅक्सन ही त्यांतली काही नावे. इयन ड्यूरी या साऱ्यांत वयाने मोठा. १९७७ साली त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम निघाला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप होता.

त्याच्याकडे माझे लक्ष गेले ते मात्र गाण्यामुळे नव्हे, एका छायाचित्रामुळे. तो मायक्रोफोनच्या दांड्याला धरून उभा होता. तो उभा कसा राहिला आहे हे पाहताच मला माझ्या मामाची आठवण झाली. शरीराचा सगळा भार एका पायावर, दुसरा पाय नुसता सोबतीला. आमच्या घरात ही ढब मी जन्मापासून पाहत आले आहे.

ड्यूरीचा जन्म १२ मे १९४२ चा. वडील बसचालक, पुढे श्रीमंतांच्या मोटारी चालवणारे. आई शिकलेली, घरोघर जाऊन आरोग्याची तपासणी करणारी. १९४९ साली, सात वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला. साउथएंड येथील एका पोहण्याच्या तलावात तो जडला, असे तो स्वतः सांगे. पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून वा अन्नातून तोंडावाटे शरीरात शिरतो. बहुसंख्य मुलांना तो कळतही नाही. साधारण दोनशेत एखाद्याच्या पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी तो मारतो. ज्या स्नायूंना हुकूम देणारे कोणी उरत नाही ते वाळत जातात. सॉकची लस आली १९५५ मध्ये. ड्यूरीला सहा वर्षे उशीर झाला. त्याचा डावा पाय आणि डावा हात कायमचे दुबळे झाले.

बरेच महिने रुग्णालयात काढल्यावर त्याला ससेक्स परगण्यातील चेली येथे अपंग मुलांच्या निवासी शाळेत पाठवण्यात आले. तेथे मुलगा पडला तर त्याला उचलायला कोणी धावत नसे. त्याने आपले आपण उठायचे, अशी तिथली शिस्त होती. ही शिस्त चांगली की क्रूर? मला याचे उत्तर देता येत नाही. ड्यूरीच्या बोलण्यातूनही दोन्ही ऐकू येते : त्या शाळेने आपल्याला कणखर केले हेही, आणि तिने आपल्यातले काहीतरी कठोर करून टाकले हेही. पुढे हाय विकमच्या ग्रामर स्कूलमध्ये धडधाकट मुलांत तो एकटा पडला. तिथे त्याने एक शस्त्र कमावले, ते म्हणजे जीभ. कोणी चिडवायच्या आत त्यालाच चिडवून मोकळे व्हायचे.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वॉल्थमस्टोच्या कला महाविद्यालयात गेला. तिथे त्याला चित्रकार पीटर ब्लेक हे शिक्षक लाभले. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमचे प्रसिद्ध मुखपृष्ठ करणाऱ्यांपैकी एक ते हेच ब्लेक. कुस्तीगीर, सर्कस, जत्रेतल्या पाट्या, नटनट्यांची चित्रे अशा गोष्टी, ज्यांना 'कला' म्हणण्यास इतरांची जीभ रेटत नसे, त्या ब्लेक यांनी चित्रांत आणल्या. पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकून ड्यूरी स्वतः कॅंटरबरी येथे चित्रकला शिकवू लागला. चित्रकार म्हणून आपण फार थोर होणार नाही हे त्याने ओळखले. पण ब्लेक यांच्याकडून घेतलेली दृष्टी त्याने सोडली नाही. त्याची पुढली गाणी मला पुष्कळदा अशा चित्रांसारखी वाटतात.

१९७१ च्या सुमारास त्याने 'किलबर्न अँड द हाय रोड्स' नावाचे वाद्यवृंद-मंडळ काढले. त्याच वर्षी अमेरिकन रॉक गायक जीन व्हिन्सेंट वारला. व्हिन्सेंटचा पाय अपघातात जायबंदी झालेला होता आणि तो तसाच, पायाला आधार बांधून रंगमंचावर गात असे. लहानपणापासून ड्यूरीचे हे दैवत. किलबर्न मंडळाला मोठे यश कधीच मिळाले नाही. 'द हू' या विख्यात मंडळाबरोबर ते १९७३ साली दौऱ्यावर गेले, १९७५ मध्ये एक अल्बम निघाला आणि मंडळ मोडले. हाती काही नाही, वय तेहेतीस, राहायला ओव्हल क्रिकेट मैदानाशेजारची एक जुनाट खोली. त्या खोलीत चॅझ जॅन्केल नावाचा तरुण वादक येऊ लागला. ड्यूरी शब्द लिही. जॅन्केल चाल लावी. त्या दुबळ्या डाव्या हाताला गिटार पेलणारी नव्हती. ड्यूरीचे वाद्य म्हणजे शब्दच.

या दोघांची गाणी कोणत्याही बड्या कंपनीला नको होती. अखेर 'स्टिफ रेकॉर्ड्स' नावाच्या एका चिमुकल्या, नव्या कंपनीने ती घेतली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये 'न्यू बूट्स अँड पॅंटीज' हा अल्बम बाहेर पडला. नावाचा अर्थ गमतीचा आहे. ड्यूरी कपडे जुन्या बाजारातून घेई. फक्त बूट आणि आतले कपडे तेवढे नवे! मुखपृष्ठावर एका कपड्यांच्या दुकानासमोर तो उभा आहे, बाजूला त्याचा लहानगा मुलगा बॅक्स्टर. हा अल्बम इंग्लंडच्या खपाच्या यादीत जवळजवळ दोन वर्षे राहिला.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे अशी माझी विनंती आहे. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक रॉक गायक गाताना अमेरिकन होत. बोलायचे लिव्हरपूलचे, गायचे मेम्फिसचे! ड्यूरीने एसेक्स आणि पूर्व लंडनच्या बोलीत, तिथल्याच उच्चारांत, गायला सुरुवात केली. त्याच्या गाण्यांत बिलरिकी, अपमिन्स्टर, प्लेस्टो अशी उपनगरांची नावे येतात. फुशारक्या मारणारे, चोऱ्या करणारे, शाळेत 'ढ' ठरवलेले लोक येतात आणि आपली बाजू स्वतः मांडतात. 'क्लेव्हर ट्रेव्हर' या गाण्यातला पोरगा, आपल्याला मूर्ख म्हणणाऱ्यांना, अडखळत का होईना, उत्तर देतो. या लिखाणामागे जुन्या 'म्युझिक हॉल'ची परंपरा आहे. म्युझिक हॉल म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांचे करमणुकीचे थिएटर; आपल्या बतावणीतल्यासारखी द्व्यर्थी थट्टा आणि मध्येच डोळ्यांत पाणी आणणारे एखादे गाणे. त्या परंपरेतले वृद्ध विनोदी नट मॅक्स वॉल यांनी ड्यूरीचे एक गाणे १९७७ मध्ये स्वतः ध्वनिमुद्रित केले होते. ड्यूरीची आई सुशिक्षित घरातली, तेव्हा त्याची ही बोली थोडीशी पांघरलेली होती असा आक्षेप घेतला जातो. असेल. पण वडिलांची भाषा निवडणे याला सोंग म्हणता येईल असे मला वाटत नाही.

'ब्लॉकहेड्स' हे त्याचे नवे वादक-मंडळ अत्यंत तयारीचे होते. जाझ, फंक, रेगे, सारे त्यांच्या बोटांत. जानेवारी १९७९ मध्ये 'हिट मी विथ युवर ऱ्हिदम स्टिक' हे त्यांचे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. सुमारे दहा लाख प्रती खपल्या. त्यात डेव्ही पेन हा वादक दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवतो! जरूर ऐकावे. यशाबरोबर दुसरी बाजूही आली. ड्यूरी मूळचाच तिखट, दारू घेतली की जिव्हारी लागेल असे बोलणारा. सहकाऱ्यांना त्याने पुष्कळ दुखावले. शाळेत कमावलेले ते शस्त्र त्याने मोठेपणीही म्यान केले नाही. १९८० पर्यंत जॅन्केल दूर झाला होता, आणि मंडळातही पूर्वीचा मेळ उरला नव्हता.

आता १९८१. माझ्या दृष्टीने या आयुष्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वर्ष. संयुक्त राष्ट्रसंघाने ते 'आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष' म्हणून जाहीर केले होते. ड्यूरीला हे वर्ष म्हणजे शहाण्यासुरत्या लोकांनी केलेली कृपा वाटली. वर्षभर आमची कीव करणार, मग पुढच्या वर्षी आम्ही बरे झालो की काय? त्याने उत्तरादाखल गाणे लिहिले, 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस'. 'स्पॅस्टिक' हा मूळचा वैद्यकीय शब्द. ज्याचे स्नायू आखडलेले असतात तो. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी सुरू केलेल्या संस्थेच्या नावातही तो होता आणि त्यात काही वावगे नव्हते. इंग्लंडात मात्र शाळकरी पोरांनी त्याची शिवी करून टाकली होती. खरे तर पोलिओत स्नायू आखडत नाहीत, सैल पडतात. म्हणजे वैद्यकाच्या हिशेबाने हा शब्द ड्यूरीला लागूच नव्हता. पण शिवी देणारा काही तपासून देत नाही. ड्यूरीने तो शब्द उचलला आणि रोमन सत्तेविरुद्ध गुलामांचे बंड उभारणाऱ्या स्पार्टाकसच्या नावाशी त्याची सांगड घातली. १९६० च्या 'स्पार्टाकस' चित्रपटात, बंडाचा नायक कोण असे विचारताच एकामागून एक गुलाम उठून ते नाव आपले म्हणून सांगतो. ड्यूरीच्या गाण्याच्या शेवटीही तसेच निरनिराळे आवाज ते नाव आपले म्हणून पुकारतात.

बीबीसीने हे गाणे दिवसाच्या कार्यक्रमांत वाजवायला नकार दिला. अपंगांची विटंबना होते म्हणे! खपाच्या यादीत ते आलेच नाही.

याच वर्षाची दुसरी एक गोष्ट मला आमच्या घरात सापडली. माझे मामा घड्याळे दुरुस्त करतात. दोन वर्षांचे असताना त्यांना ताप आला आणि पाय गेला, तेव्हापासून कॅलिपर. बीएच्या प्रकल्पासाठी मी ड्यूरीची माहिती जमवत होते, तेव्हा ते जवळ बसून होते.

"काय झालं होतं त्याला?"

"पोलिओ."

"कुठला पाय?"

"डावा."

"माझा उजवा," एवढे म्हणून त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि कामाला लागले. मी १९८१ चा उल्लेख केला तेव्हा त्यांनी ते भिंग काढले. त्या वर्षी ते दहा वर्षांचे होते. तालुक्याच्या गावी एका संस्थेने अपंग मुलांचा सत्कार ठेवला होता. व्यासपीठाला पायऱ्या उंच होत्या, म्हणून एका स्वयंसेवकाने त्यांना काखेत धरून, पोते उचलावे तसे, वर ठेवले. दोन वह्या, एक केळे आणि टाळ्या. "चालत गेलो असतो गं मी. वेळ लागला असता, पण गेलो असतो." चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी हे आईलाही सांगितले नव्हते. फोटो अजून त्यांच्या ट्रंकेत आहे. त्यात सगळी मुले रडवेली आणि पाहुणे हसरे आहेत.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. ड्यूरीने चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका केल्या, १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहासाठी 'ॲपल्स' हे संगीतक लिहिले. १९९० साली ब्लॉकहेड्सचा ढोलवादक चार्ली चार्ल्स कर्करोगाने गेला आणि त्याच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी जुने सहकारी पुन्हा एकत्र आले. स्वतः ड्यूरीलाही १९९६ मध्ये कर्करोग झाल्याचे कळले. आजार अंगात असताना १९९८ मध्ये त्याने 'मिस्टर लव्ह पॅंट्स' हा अल्बम केला. मला तो पहिल्या अल्बमच्या तोडीचा वाटतो. त्याच वर्षी तो युनिसेफतर्फे श्रीलंकेत पोलिओ लसीकरणाच्या मोहिमेसाठी गेला. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये तो अखेरचा गायला आणि २७ मार्च २००० रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी वारला. योगायोग असा, की बरोबर चौदा वर्षांनी, २७ मार्च २०१४ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. माझ्या वर्गात कॅलिपर लावणारे कोणी नाही, ते यामुळे.

आणि ते बंदी घातलेले गाणे? २९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनच्या पॅरालिम्पिक स्पर्धांच्या उद्घाटन सोहळ्यात, भरगच्च स्टेडियममध्ये, 'ग्रे-आय' या अपंग कलावंतांच्या नाट्यसंस्थेने ते सादर केले. संस्थेच्या प्रमुख आणि सोहळ्याच्या सहदिग्दर्शिका जेनी सीली स्वतः कर्णबधिर आहेत.

त्या सोहळ्याची फीत मी मामांना मोबाईलवर दाखवली. इंग्रजी त्यांना फारसे कळत नाही. मी अर्थ सांगू लागले तर हाताने थांबवले. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कृत्रिम पाय, सगळे दिव्यांच्या झोतात आवेशाने गात होते. फीत संपली. मला वाटले, आता ते गाण्याविषयी काही बोलतील.

"मागं घे जरा," मामा म्हणाले, "हे सगळे वर चढले कसे, ते बघू दे."