खिशात दगड टाकण्याआधी...

डायनासोर म्हटलं की अजूनही 'जुरासिक पार्क'च आठवतो ना? मग एकदा गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला जाऊन या. १९८१ मध्ये इथे डायनासोरचे जीवाश्म सापडले. इथल्याच हाडांवरून २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' या मांसाहारी डायनासोरचं बारसं झालं!

चालताना खाली नीट बघा. खडकात रुतलेले ते गोल म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची अंडी. 'आठवण म्हणून एक तुकडा नेऊ या' असा मोह होतोच. पण थांबा! अंडं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, यावरूनच संशोधकांना घरट्याची गोष्ट कळते. घरी आणलं की उरतो नुसता दगड. त्यामुळे फोटो काढा, बिनधास्त रील करा; दगड मात्र तिथेच राहू द्या.