पगार, भाडं, वीजबिल : मागायला लाजू नका

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड निघाला. घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. कोठी रिकामी झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हे सगळं गेलं ते रोजच्या भाकरीला, म्हणजे आज ज्याला आपण संस्थेचा चालू खर्च म्हणतो त्याला. त्याच सातारा-सांगलीत आज छोट्या संस्थांची मंडळी ट्रस्टकडे अर्ज करताना हा खर्च लपवतात, याचं वाईट वाटतं.

गैरसमज : अनुदान धर्मादाय आयुक्त देतात.
नाही. ते कार्यालय संस्थांची नोंदणी करतं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवतं. पैसे देतात ते खासगी ट्रस्ट आणि कंपन्या.

गैरसमज : पगार आणि भाड्याला कायद्यानंच मर्यादा घातली आहे.
इथे दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात. परदेशी निधीतून प्रशासनावर २० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. सप्टेंबर २०२० पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती. पण शाळेतल्या शिक्षकांचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पगार त्या २० टक्क्यांत मोजत नाहीत, कारण ते प्रत्यक्ष काम आहे. दुसरा आकडा सीएसआरमधला, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातला, ५ टक्क्यांचा. तो कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला लागू आहे. प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर लक्ष ठेवण्याचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. देशातल्या ट्रस्टनं दिलेल्या देणगीला यातली कुठलीच मर्यादा नाही. तिथे त्या ट्रस्टचं धोरण चालतं आणि ते आधी फोन करून विचारता येतं.

गैरसमज : कार्यालयीन खर्च दाखवला की अर्ज बाद होतो.
अर्ज अडतो तो 'इतर खर्च' या दोन शब्दांमुळे. समजा, जतमधली एक संस्था तीन प्रकल्प चालवते. भाडं ८ हजार, हिशेबनीसाचा पगार १५ हजार, वीज आणि इंटरनेट २ हजार. महिन्याला २५ हजार, वर्षाला ३ लाख. कामाच्या प्रमाणात, म्हणजे ५०, ३० आणि २० टक्के अशी वाटणी केली की प्रकल्पांच्या वाट्याला दीड लाख, ९० हजार आणि ६० हजार येतात. प्रत्येक अर्जात आपापला वाटा आणि खाली दोन ओळींचा खुलासा लिहायचा. अट एकच, तोच खर्च दोन देणगीदारांकडून घ्यायचा नाही. अर्ज वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं की हिशेबनीस नसेल तर विनियोग प्रमाणपत्र वेळेवर येणार नाही.

गैरसमज : ट्रस्टकडे एकदाच मोठा कायम निधी मागावा, व्याजावर संस्था चालेल.
मागणी समजण्यासारखी आहे, पण देणाऱ्याची अडचण बघा. करसवलत टिकवायची तर ट्रस्टला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर लावावी लागते. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला कायम निधी म्हणून दिलेले पैसे २०१७ पासून या हिशेबात धरले जात नाहीत. वर्षाच्या खर्चासाठी दिलेली देणगी मात्र धरली जाते; २०२३ च्या दुरुस्तीनंतर तिचीही ८५ टक्केच. म्हणून वर्षाचा चालू खर्च मागणं तुमच्या गरजेचं आहे आणि त्यांच्याही सोयीचं.

गैरसमज : ऐंशी-जी असलं की काम झालं.
ती देणगीदाराला मिळणारी करसवलत, तिचा उपयोग मुख्यतः कर भरणाऱ्या व्यक्तींना आणि कंपन्यांना. ट्रस्ट आधी तुमची बारा-ए नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट आणि परिशिष्ट एकचा उतारा बघतो. इथेच बरेच अर्ज अडतात. उताऱ्यावर मयत विश्वस्ताचं नाव तसंच, आणि अर्जावर सही नव्या अध्यक्षांची! बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो भरला आहे पण अजून मंजूर झाला नसेल, तर निदान त्याची पोच अर्जाला जोडा.

या वर्षीचा अर्ज लिहायला बसाल तेव्हा गेल्या ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न-खर्च पत्रक समोर ठेवा, आणि पगार, भाडं, वीजबिल त्यातल्या खऱ्या आकड्यांनिशी, त्याच नावांनी लिहा.